सद्दामनं कुवेत का घेतलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात घंटाळीच्या परिसरात आमचं अभ्यासमंडळ महिन्यातून एकदा जमतं. वाशी, नेरूळ, ऐरोलीहूनही माणसं येतात. १९९० च्या कुवेत हल्ल्यावर चर्चा ठेवली आणि त्यानंतर मंडळाच्या व्हॉट्सॲपवर प्रश्नांची रीघ लागली. यात नवल नाही. या पट्ट्यात आखाती नोकरीवर उभी राहिलेली घरं भरपूर आहेत आणि त्या ऑगस्टमध्ये कुवेतमध्ये अडकलेले लोक आजही आपल्यात आहेत. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये माझं मतही आहे. जिथे ते आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

१. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. थोडक्यात घडलं काय?

२ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. पुढे इराकचा राष्ट्राध्यक्ष सद्दाम हुसेनचं खास दल, रिपब्लिकन गार्ड, होतं. काही तासांत राजधानी पडली. कुवेतचे शासक अमीर जाबर अल-अहमद सौदी अरेबियात निसटले. त्यांचे भाऊ शेख फहद दस्मान राजवाड्यापाशी मारले गेले. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेनं ठराव ६६० करून इराकला मागे फिरायला सांगितलं. इराक फिरला नाही. ठराव ६७८ नं दिलेली १५ जानेवारी १९९१ ची मुदत टळली, १७ जानेवारीला अमेरिकेच्या नेतृत्वाखाली हवाई हल्ले सुरू झाले आणि २८ फेब्रुवारीला जमिनीवरची लढाई थांबली तेव्हा कुवेत मोकळं झालं होतं. जाता जाता इराकी सैन्यानं सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या.

२. सद्दामनं स्वतः काय कारण दिलं होतं?

एक नाही, अनेक दिली, आणि ती बदलत गेली. वादाचा सगळा गाभा मला इथेच दिसतो.

जुलैत तक्रार पैशाची होती: कुवेत ठरल्यापेक्षा जास्त तेल काढतं, भाव पाडतं, आमचं तेल चोरतं. २ ऑगस्टला सांगितलं गेलं की कुवेतमधल्या क्रांतिकारकांनी राजघराणं उलथवलं आणि मदतीला बोलावलं, म्हणून आम्ही गेलो. दोन दिवसांनी ‘स्वतंत्र कुवेत’चं हंगामी सरकार जाहीर झालं. ८ ऑगस्टला ते सरकारच गुंडाळून कुवेत इराकमध्ये विलीन केलं, कारण म्हणे ते मुळातच इराकचं होतं. १२ ऑगस्टला कारणांत पॅलेस्टाइन आलं (प्रश्न ८). महिनाअखेरीस कुवेत इराकचा एकोणिसावा प्रांत झाला.

क्रांतिकारकांच्या आमंत्रणाची गोष्ट सरळ खोटी होती. बाकीच्या कारणांत खऱ्याचा थोडाफार अंश आहे, म्हणून ती एकेक करून तपासावी लागतात. तपासताना मी दोन गोष्टींकडे पाहते: कारण पहिल्यांदा केव्हा पुढे आलं, आणि त्यासाठी तो माणूस काय गमवायला तयार झाला.

३. म्हणजे सगळं तेलासाठीच झालं, असं म्हणायचं का?

‘तेलासाठी’ म्हटलं की चर्चा संपल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तिथून ती सुरू होते. प्रश्न तेलाच्या हव्यासापेक्षा रिकाम्या तिजोरीचा होता.

इराणशी आठ वर्षं लढून ऑगस्ट १९८८ मध्ये युद्धविराम झाला, तेव्हा इराकच्या डोक्यावर परदेशी कर्जाचा डोंगर होता. एकूण आकडा साधारण ८० अब्ज डॉलरचा सांगतात. त्यातला मोठा वाटा कुवेत, सौदी अशा शेजाऱ्यांचा होता. सद्दामचं म्हणणं असं की इराणला आम्ही थोपवलं, रक्त आमचं सांडलं, तेव्हा ते पैसे कर्ज म्हणून धरूच नयेत. कुवेत कर्ज सोडायला तयार नव्हतं. त्यात १९९० च्या पूर्वार्धात तेलाचा भाव पिंपाला वीस डॉलरच्या आसपासहून चौदापर्यंत घसरला. भाव एका डॉलरनं पडला की वर्षाला आमचं एक अब्ज डॉलरचं नुकसान होतं, असा इराकचा हिशोब होता. मे महिन्यात बगदादच्या अरब शिखर परिषदेत सद्दामनं तोंडावर सांगितलं की हेसुद्धा एक प्रकारचं युद्धच आहे. कुवेत आणि संयुक्त अरब अमिराती ओपेकच्या, म्हणजे तेल निर्यातदार देशांच्या संघटनेच्या, कोट्यापेक्षा जास्त तेल काढत होते, हे खरंच होतं.

शिवाय जवळपास दहा लाखांचं सैन्य. त्यांना घरी पाठवावं तर काम नाही, ठेवावं तर पगार नाहीत. पैशाची ही कोंडी खरी होती. पण एवढ्यावर हल्ला का झाला ते कळत नाही. त्यासाठी प्रश्न ४ वाचा.

४. ओपेकमध्ये तडजोड झाली होती ना? मग आठवडाभरात हल्ला कसा?

हा प्रश्न नेरूळच्या एका सदस्यानं पाठवला. सगळ्यांत चांगला प्रश्न हाच आहे.

२७ जुलै १९९० ला जिनिव्हात ओपेकनं तेलाचा आधारभाव अठरावरून एकवीस डॉलर केला, आणि कुवेत-अमिरातींनी कोटा पाळायचं मान्य केलं. इराकची मागणी पंचवीसची होती. तीही पुढे मान्य करून घेता आली असती, कारण सीमेवर रणगाडे उभे असताना सगळे नमत होते. निव्वळ भावाचा प्रश्न असता तर दबावाचं फळ हातात येत होतं. तरीही १ ऑगस्टला सौदीतल्या जेद्दात इराक-कुवेतची बोलणी फिसकटली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हल्ला झाला.

माझं मत असं: भाव सुधारल्यानं महिन्याची आवक वाढली असती, पण कर्ज फिटलं नसतं. शेजारच्या छोट्या देशाची सबंध तिजोरी उचलली की दोन्ही सुटतं, आणि सावकारच उरत नाही. कब्ज्यानंतर सद्दामच्या माणसांनी काय केलं ते बघा. कुवेतच्या मध्यवर्ती बँकेतलं सोनं आणि नोटा बगदादला गेल्या. राष्ट्रीय संग्रहालयातल्या वस्तू गेल्या. कुवेती दिनार आधी इराकी दिनारच्या बरोबरीचा ठरवला आणि मग चलनातूनच काढून टाकला. नौपाड्यातल्या एका काकांकडे त्या काळातली कुवेती नोट प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेली आहे. जुलैत त्या नोटेवर त्यांचं घर चालत होतं. ऑगस्टअखेर ती दाखवून जॉर्डनमधल्या अम्मानच्या वाटेवर पाण्याची बाटलीही मिळाली नाही, असं ते सांगतात.

५. कुवेत खरंच इराकचं तेल चोरत होतं का?

रुमैला हे तेलक्षेत्र बहुतांश इराकमध्ये आहे, त्याचं दक्षिण टोक कुवेतमध्ये शिरतं. कुवेत तिथून तेल काढत होतं. जुलैच्या मध्यावर परराष्ट्रमंत्री तारिक अझीझ यांनी अरब लीग या अरब देशांच्या संघटनेला पत्र लिहून २.४ अब्ज डॉलरच्या तेलचोरीचा आरोप केला. तिरक्या विहिरी खणून सीमेपलीकडचं तेल ओढल्याची कथा प्रसिद्ध आहे. कुवेतनं ती नाकारली. दोन देशांत विभागलेल्या तेलसाठ्यावर असे वाद जगभर होतात आणि ते वाटाघाटीनं किंवा लवादानं सुटतात. रकमेचा वाद म्हणून हा आरोप ऐकून घेण्याजोगा आहे. सबंध देश गिळण्याचं कारण म्हणून तो पुरत नाही.

६. कुवेत मुळात इराकचाच प्रांत होता, इंग्रजांनी तोडला. असं शाळेत ऐकलं होतं.

अर्धं खरं. ऑटोमन (तुर्की) साम्राज्याच्या कागदांत कुवेत बसरा प्रांताशी जोडलेलं होतं, आणि कुवेतच्या शेखाला १८७१ पासून ऑटोमन हुद्दाही होता. पण कारभार सबाह घराणंच पाहायचं. १८९९ मध्ये शेख मुबारक यांनी इंग्रजांशी करार करून त्यांचं संरक्षण घेतलं. तेव्हा इराक नावाचा देशच नव्हता. तो पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी बसरा, बगदाद आणि मोसुल हे तीन प्रांत जोडून उभा केला. इंग्रजांनी आखलेली सीमा खोटी म्हणायची, तर इराकच्या स्वतःच्या सीमाही त्याच हातानं आखलेल्या आहेत.

आपल्याकडच्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. कुवेतचे व्यापारी मुंबईशी मोती आणि खजुराचा व्यवहार करत, आणि १९६१ मध्ये कुवेती दिनार येईपर्यंत तिथे रुपया चालत होता. त्या बंदराचा रोजचा हिशोब समुद्रापलीकडच्या मुंबईशी जुळलेला होता.

दावा मात्र जुना आहे, सद्दामनं तो शोधून काढलेला नाही. जून १९६१ मध्ये कुवेत स्वतंत्र होताच इराकचे तेव्हाचे पंतप्रधान अब्दुल करीम कासिम यांनी ते आपलं म्हटलं होतं. इंग्रजांनी फौज उतरवली, मग अरब लीगची आली. ऑक्टोबर १९६३ मध्ये इराकनं कुवेतला मान्यता दिली. कुवेतच्या वार्बा आणि बुबियान बेटांची मागणीही खरी होती, कारण इराकला समुद्राकडे जेमतेम अठ्ठावन्न किलोमीटरचा किनारा आहे आणि उम्म कस्र बंदराची वाट या बेटांना लागून जाते. तरीही कालक्रम पाहा. जुलैच्या तक्रारींत सीमा आणि पैसा आहे, ‘कुवेत हा देशच नाही’ हे हल्ल्यानंतर आलं. आधी घेतलं, मग इतिहास आठवला.

७. अमेरिकेनंच हिरवा कंदील दाखवून सद्दामला फसवलं, हे आता सिद्ध झालंय ना?

सिद्ध झालेलं नाही. सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच असल्यानं सविस्तर सांगते.

२५ जुलै १९९० ला सद्दामनं अमेरिकेच्या राजदूत एप्रिल ग्लास्पी यांना अचानक बोलावून घेतलं. वॉशिंग्टनला विचारायला त्यांना वेळ मिळाला नाही. अरब देशांच्या आपसातल्या वादांवर, जसा तुमचा कुवेतशी सीमावाद, आमचं काही मत नाही, असं त्या म्हणाल्या. वाद शांततेनं मिटावा, असंही म्हणाल्या. आदल्या दिवशी परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्यांनी कुवेतशी आमचा संरक्षण करार नाही असं जाहीरपणे सांगितलं होतं. २८ जुलैला राष्ट्राध्यक्ष बुश यांचा मवाळ संदेश गेला. संभाषणाचा मसुदा इराकनं सप्टेंबरमध्ये फोडला. तो काटछाट केलेला आहे, असं ग्लास्पी यांनी नंतर अमेरिकन सिनेटमध्ये सांगितलं.

हे सगळं ढिलं होतं, आणि त्याबद्दल अमेरिकेवर टीका रास्त आहे. पण ढिलाई आणि परवानगी यांत फरक आहे. ‘सीमावादावर मत नाही’ याचा अर्थ ‘देश घ्या’ असा होत नाही. शिवाय ग्लास्पी यांना बोलावलं तेव्हा रिपब्लिकन गार्डच्या तुकड्या सीमेवर पोहोचलेल्या होत्या. आणि अमेरिका आपल्याविरुद्ध कट करते आहे असं सद्दामला वाटत होतं (प्रश्न ९). ज्याला तो शत्रू मानत होता, त्याच्या परवानगीची वाट तो कशाला पाहील? दोन्ही म्हणणी एकाच माणसाबद्दल खरी धरता येत नाहीत. मला पटतं ते एवढंच की अमेरिकेच्या मवाळपणामुळे त्यानं धोका कमी मोजला. हल्ल्याचा हेतू त्यातून आलेला नाही.

८. त्यानं पॅलेस्टाइनसाठी केलं, असं आमच्या ओळखीचे बरेच जण म्हणतात.

इस्रायलनं व्याप्त प्रदेश सोडावा, मग आम्ही कुवेतचा विचार करू, हा प्रस्ताव १२ ऑगस्टचा, म्हणजे हल्ल्याला दहा दिवस होऊन गेल्यावरचा. पॅलेस्टिनींचं दुःख खरं आहे आणि त्यांच्यापैकी अनेकांनी तेव्हा सद्दामकडे आशेनं पाहिलं, हेही खरं. त्याची किंमत कुवेतमधल्या लाखो पॅलेस्टिनींनी दिली. युद्धानंतर त्यांना तिथून जावं लागलं.

९. मग तुमच्या मते खरं कारण कोणतं? भीती, हाव, की वेडेपणा?

वेडेपणा नाही. वेडा म्हटलं की समजून घ्यायची जबाबदारी संपते, म्हणून हे उत्तर लोकांना आवडतं. चोवीस वर्षं बगदादची खुर्ची टिकवणारा माणूस हिशोबी होता. त्याचा हिशोब चुकीच्या समजुतींवर बेतलेला होता.

मला दोन कारणं एकत्र दिसतात: रिकामी तिजोरी, आणि आपल्याला कोणीतरी पाडायला निघालंय ही खोल धास्ती. ही धास्ती बिनबुडाची नव्हती. इराण युद्धात अमेरिका एका बाजूनं त्याला मदत करत होती आणि १९८५-८६ मध्ये गुपचूप इराणला शस्त्रं विकत होती. १९८६ च्या अखेरीस ते उघडकीला आलं आणि तेव्हापासून सद्दामनं अमेरिकेचा शब्द खरा धरला नाही. २००३ नंतर त्याच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं अभ्यासकांना मिळाली. त्यांत तो बंद दाराआड सहकाऱ्यांशी कटांबद्दल जवळजवळ तसंच बोलतो, जसं जाहीर भाषणांत बोलायचा. म्हणजे ती भाषा फक्त लोकांना दाखवण्यापुरती नव्हती. अशा माणसाला कुवेतनं भाव पाडणं हा साधा व्यापार वाटत नाही. त्यामागे वॉशिंग्टन आणि तेल अवीव दिसतं.

आणि तो काय गमवायला तयार झाला? १५ ऑगस्ट १९९० ला त्यानं इराणशी सीमा ठरवणारा १९७५ चा अल्जिअर्स करार पुन्हा मान्य केला. तोच करार १९८० मध्ये रद्द करून त्यानं युद्ध पुकारलं होतं. आठ वर्षांत लाखो माणसं मेली, ते सगळं एका पत्रानं सोडून दिलं, कारण इराण सीमेवरचं सैन्य कुवेतसाठी मोकळं करायचं होतं. या एका कृतीपुढे त्याची सगळी भाषणं मला फिकी वाटतात.

१०. जानेवारीपर्यंत माघार घेतली असती तर वाचला असता. का घेतली नाही?

हल्ला करण्याचा हेतू आणि न सोडण्याचा हेतू वेगळे असू शकतात. चर्चेत ही गल्लत सर्रास होते. ऑगस्टमध्ये तिजोरी आणि धास्ती. जानेवारीत खुर्ची. एवढं बोलून मागे फिरलो तर सैन्यातलेच लोक उठतील, ही भीती मोठी होती. अमेरिका माणसं मेल्यावर थकून निघून जाईल असंही त्याला वाटत होतं. व्हिएतनामचा दाखला तो द्यायचा.

११. कैदेत त्यानं कारण सांगितलंच आहे. ते प्रमाण मानायला काय हरकत आहे?

डिसेंबर २००३ मध्ये तो पकडला गेला. २००४ मध्ये एफबीआय या अमेरिकन तपास यंत्रणेच्या जॉर्ज पिरो यांनी त्याच्याशी अरबीत अनेक महिने संवाद साधला. इराकी स्त्रियांबद्दल कुवेतच्या अमिरानं घाणेरडे शब्द काढले आणि त्याचा धडा शिकवायचा होता, असं त्यानं सांगितलं. राग खरा असेलही. पण बंदिवान माणूस, खटला समोर, आणि अरब जगात आपली आठवण कशी राहावी याची काळजी. अब्रूसाठी लढलो हे सांगायला सोपं, कर्ज बुडवायला गेलो हे अवघड. नंतर दिलेला कबुलीजबाब आणि त्या वेळची कृती जुळत नसतील, तर मी कृती धरते.

१२. त्याची कारणं समजून घ्यायची म्हणजे त्याचं समर्थनच झालं की!

नाही. कुवेतनं कोटा मोडला हे मान्य करूनही हल्ला हा गुन्हाच राहतो. तिथे माणसं पळवली गेली, छळली गेली, मारली गेली. हेतू समजला नाही तर पुढच्या वेळी काय थांबवता आलं असतं हे कळत नाही. आमच्या चर्चेत ‘का केलं’ आणि ‘बरोबर केलं का’ या दोन फेऱ्या वेगळ्या ठेवतो. ज्यांचं घर तिथे लुटलं गेलं ते समोर बसलेले असतात, म्हणून हे काटेकोरपणे पाळतो.

१३. पण इराकी सैनिकांनी कुवेतच्या रुग्णालयात इनक्युबेटरमधून बाळं काढून फेकल्याची गोष्ट तरी खोटीच निघाली ना?

हो. ऑक्टोबर १९९० मध्ये वॉशिंग्टनमध्ये ती साक्ष देणारी मुलगी कुवेतच्या राजदूतांची कन्या होती आणि साक्षीमागे एक जनसंपर्क कंपनी होती, हे नंतर उघड झालं. तिच्या म्हणण्याला पुरावा मिळाला नाही. पण त्यावरून सगळेच अत्याचार बनावट होते असं म्हणणं चूक आहे. ते इतर अनेक पुराव्यांनी सिद्ध झालेले आहेत.

१४. भारतानं तेव्हा उघड निषेध का केला नाही?

पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय तिथे अडकले होते. परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले, त्या गळाभेटीवर खूप टीका झाली. पण लोक बाहेर काढायची वाट तिथूनच जात होती. एअर इंडियानं ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून अम्मानहून त्यांना आणलं. पुढे १९९१ च्या सुरुवातीला अमेरिकन लष्करी विमानांना मुंबईत इंधन भरू दिलं आणि त्यावरून देशात वादळ उठलं, तेव्हा ते थांबवलं. आपल्या सरकारचा हेतूही असा बदलत्या कृतींतूनच वाचावा लागतो.

१५. हीच पद्धत पुतिन आणि युक्रेनला लावता येईल?

पद्धत लावता येईल, उत्तर उचलून चिकटवता येणार नाही. सद्दामचे कागद आणि आवाज आपल्या हाती आहेत, क्रेमलिनचे नाहीत. तरी कालक्रम पाहता येतो. नाटोच्या विस्ताराची तक्रार जुनी आहे. एप्रिल २००८ च्या नाटोच्या बुखारेस्ट परिषदेनं युक्रेन पुढे सदस्य होईल असं म्हटल्यापासून ती तीव्र झाली. रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक आहेत, हा पुतिन यांचा लांबलचक लेख जुलै २०२१ चा, म्हणजे हल्ल्याच्या सात महिने आधीचा. इथे इतिहास आधी आला, हल्ला नंतर, सद्दामच्या बरोबर उलट (प्रश्न ६). सप्टेंबर २०२२ मध्ये चार प्रांत जोडून घेतले. आणि एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड नाटोत गेला, नाटोशी रशियाची सीमा कितीतरी लांबली, तरी तिथे युक्रेनसारखं काही झालं नाही. म्हणून नाटो हे एकमेव कारण होतं, हे मला पटत नाही. कोणाला पटत असेल तर फिनलंडचं उत्तर घेऊन या, पुढच्या बैठकीत पहिला अर्धा तास त्यालाच देऊ.

१६. माझे वडील तेव्हा कुवेतला होते. घरी कागद आहेत. मंडळाला उपयोग होईल का?

नक्की होईल. सद्दामच्या मनात काय होतं हे त्यांतून कळणार नाही, पण कब्जा प्रत्यक्षात कसा होता हे कळेल: कोणत्या दिवशी नोटा घेणं बंद झालं, कोणत्या नाक्यावर काय हिसकावलं, पासपोर्टवर कोणाचे शिक्के पडले. संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाकडे भारतीयांनीही अर्ज केले होते, त्यांच्या प्रती काही घरांत अजून आहेत. त्यांत घरातल्या सामानाची यादी असते, ती आम्हाला फार मोलाची वाटते. मूळ कागद लॅमिनेट करू नका, शाई उडते. मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, आणि वडील बोलत असतील तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. नावं आणि पासपोर्ट क्रमांक झाकून मग पाठवा.